दुकानं आणि गोदामाच्या बांधकामाला वेगळा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो का? तो कसा शोधावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रोडला लागून 40 बाय 60 चा प्लॉट आहे, खाली दुकानं आणि वर खताचं गोदाम काढायचं आहे, आणि ठेकेदार म्हणतो, नकाशा पास करणारा माणूस आपलाच आहे, वेगळा इंजिनिअर काहून लावता? मलाही हेच ऐकवलं होतं. ‘एवढ्या बिल्डिंगा बांधल्या भाऊ, एक तरी पडली काय?’

माझीही पडली नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यातल्या दुकानाचं शटर अडकू लागलं. उन्हाळ्यात एका हातानं वर जायचं, श्रावणात दोघं जण लागायचे. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. अमरावतीहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांना आणलं, म्हणजे इमारतीचा भार, पाया आणि सळई ठरवणारा माणूस. त्यांनी भेग एकदा पाहिली आणि पायाशी खड्डे खणायला लावले. रस्त्याच्या बाजूला मुरूम पाच फुटांवर लागला, मागच्या कोपऱ्यात अकरा फुटांवर. ठेकेदारानं सगळी फुटिंग, म्हणजे खांबांखालचे पाये, पाच फुटांवरच बसवली होती. म्हणजे अर्धी इमारत मुरमावर आणि अर्धी काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे कापूस लावणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही. तरी घर बांधताना आपण ते विसरतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की जो मातीबद्दल विचारण्याआधीच ‘बारा एमएमच्या आठ सळ्या टाका’ असं सांगतो, त्याला काम देऊ नका. चांगला माणूस आधी खड्डे किंवा बोअर घ्यायला लावतो आणि माती तपासून मागतो. ही तपासणी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. आपल्याला अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर यांपैकी जे जवळ पडेल तिथं विचारा. काळी माती फार खोल असेल तर जमिनीत खोल उतरवलेल्या, खाली फुगा असलेल्या खांबांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलचा विचार होतो. ते ठरवणं मिस्त्रीचं काम नाही.

त्यानं दुसरं विचारायला हवं ते हे, की वर ठेवणार काय? भारतीय मानकाप्रमाणे घराच्या खोलीला दर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरतात, दुकानाला 400, आणि गोदामाला किमान 750. तुमचं तर खत आहे. डीएपीचं पोतं 50 किलोचं. दहाची थप्पी लावली आणि पोत्याखाली पाऊण मीटर बाय अर्धा मीटर जागा धरली, तर तेवढ्या जागेवर चौरस मीटरला 1300 किलोच्या वर वजन येतं. घराच्या हिशेबानं टाकलेल्या स्लॅबवर हे ठेवायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि खाली दुकानात माणसं बसलेली असतात. माझं ऐकाल तर गोदाम खालीच घ्या. वरच हवं असेल तर थप्पी किती उंच लावणार ते पहिल्याच दिवशी सांगा. पुढं मजला चढवायचा असेल तर तेही.

आता माणूस ओळखायचा कसा. आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, नोंदणी क्रमांक असतो. इंजिनिअरांसाठी देशभरात तसा कायदा नाही, त्यामुळं पाटी कुणीही लावतो. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरची पात्रता वेगळी दिलेली आहे. त्यांचा परवाना पाहायला मागा. पण कागदावर थांबू नका. त्यांनी डिझाइन केलेली, पाच-सात पावसाळे काढलेली दोन व्यापारी बांधकामं पाहून या, तीही काळ्या मातीतली. मालकाला एवढंच विचारा: स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई तपासायला ते स्वतः आले होते का?

हे येणं फार महत्त्वाचं आहे. किती भेटी देणार ते करारात लिहून घ्या: पाया खणल्यावर, फुटिंगची जाळी बांधल्यावर, प्रत्येक स्लॅबच्या आधी. नागपूरहून येणारा माणूस प्रवासखर्च मागेल, तो द्या. मधल्या कामांचे फोटो व्हॉट्सअॅपवर चालतील, पण खड्ड्याचा तळ फोटोवर पास करू देऊ नका. आणि फी तुम्ही स्वतः द्या. ठेकेदारामार्फत पैसे गेले की तो ठेकेदाराच्या चुका कशाला दाखवील?

ड्रॉइंगवर सही हवी. भार किती धरला, काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, सळई कोणती, हे त्यावर लिहिलेलं हवं. ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ असं कुणी म्हणालं तर किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993 पर्यंत तो भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. समोरून सगळी शटरं असली की त्या बाजूला भिंतीचा आधार राहत नाही, हेही इंजिनिअरांच्या कानावर घाला.

ठेकेदाराला इसार देण्याआधी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध जेसीबीनं खड्डे काढून घ्या, मुरूम लागेपर्यंत. खोल खड्ड्यात कुणाला उतरू देऊ नका, काठावरूनच टेपनं माप घ्या. मृग लागायच्या आत हे झालं तर बरं, नंतर खड्ड्यात पाणी भरतं. प्रत्येक खड्ड्याची खोली वहीत लिहा आणि ती वही घेऊनच इंजिनिअरांकडे जा.