नाशिक–मुंबई–नाशिक एका दिवसात इलेक्ट्रिक गाडीने होईल का?

बॅटरी ३० युनिटांची, म्हणजे ३० किलोवॉट-तासांची असेल, तर नाशिकहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र वाटेत किंवा मुंबईत चार्जिंग करावेच लागेल. एका बाजूचे अंतर सुमारे १७० किलोमीटर असून, महामार्गावर एसी चालू ठेवून अशी गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर धावते. जाहिरातीतील रेंज नियंत्रित चाचणीतील असते, तिच्यावर बेत आखू नये.

खरा विचार करायचा तो घाटाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे जाताना कसारा घाट उतरत असताना मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. परंतु परतताना माणसे आणि सामान धरून दीड टनाहून अधिक वजन तेवढ्याच उंचीवर न्यायला, सपाट रस्त्यावरील नेहमीच्या खर्चाशिवाय, निव्वळ चढणीपोटी आणखी अडीच ते तीन युनिट लागतात. म्हणून परतीचे चार्जिंग घाटाखालीच उरकावे, असा माझा आग्रह आहे. जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग बराच मंदावतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला वेळ हाताशी ठेवावा.

घरी १५ अँपिअरच्या प्लगवर पूर्ण चार्जिंगला दहा तासांच्या आसपास लागतात. त्याआधी अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्यावे.