ऑरेंज अलर्ट असला तर खाडीत होडी काढावी का? ठाणे-नवी मुंबईसाठी नेमका कुठला अंदाज बघायचा?

त्या रंगावरून होडीचं काहीच ठरत नाही, हे आधी सांगतो.

तुमचा प्रश्न असा, की एक होडी बेलापूरजवळच्या दिवाळ्याला आहे, दुसरी मामांची घोडबंदरजवळ नागला बंदराला, आणि मोबाइलवर दोन्हीकडे 'ठाणे जिल्हा – ऑरेंज' एवढंच दिसतं. तर तेवढ्यावर विसंबायचं का? माझं घर दिवाळे कोळीवाड्यात. काका नाखवा, म्हणजे होडी चालवणारे, आणि मी बेलापूरला ऑफिसात बसणारा, त्यामुळे संध्याकाळी 'बघ रे, काय म्हणतायत हवामानवाले' हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते लिहितो.

जिल्ह्याचा रंग हा मुख्यतः प्रशासनासाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पावसाळ्यात तो बहुतेक वेळा पावसावर ठरतो, आणि पाऊस मोजायचा तो आज सकाळी साडेआठपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झाला की 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ 'अतिमुसळधार', आणि त्याच्या वर गेला तर सगळ्यात वरची पायरी. सोबत 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं, ते लोक वाचतच नाहीत. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव भागात. उरलेल्या पाऊण भागात ऊन पडलं तरी अंदाज बरोबरच. मग आपले लोक चहाच्या टपरीवर 'रेड अलर्ट दिला आणि थेंब नाही पडला' म्हणून खात्याला शिव्या घालतात.

आता हा एक रंग कुठून कुठपर्यंत पसरलेला आहे बघा. ठाणे जिल्हा म्हणजे मुरबाडच्या टोकाला माळशेज घाट आणि इकडे भाईंदरजवळचं उत्तन. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जिल्ह्याचा जवळजवळ सगळा उघडा समुद्र तिकडे गेला. आपल्याकडे उरला तो उत्तन-गोराईकडचा तुकडा आणि खाड्या. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात अतिमुसळधार होणार म्हणून जिल्हा नारिंगी झाला, तर त्याचा दिवाळ्याच्या जेट्टीशी संबंध असेलच असं नाही. नवी मुंबईची तर आणखी गंमत: ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात, खारघर, पनवेल, उलवे, उरण रायगडात. दिवाळ्याहून होडी सुटली की थोड्याच वेळात तुम्ही दुसऱ्या जिल्ह्याच्या रंगात शिरलेले असता.

एवढ्या जवळजवळच्या ठिकाणी पाऊस किती वेगळा पडू शकतो, हे २६ जुलै २००५ ला सगळ्यांनी पाहिलंय. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला शंभरही नाही.

होडीवाल्याने बघायचं ते किनारपट्टीचं बुलेटिन आणि मच्छिमारांसाठीचा इशारा. दोन्ही कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या साइटवर मिळतात. यात जिल्हे नसतात, किनारे असतात: आपला 'उत्तर महाराष्ट्र किनारा'. (नाशिक-जळगावकडचं उत्तर महाराष्ट्र वेगळं, नव्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.) पावसाच्या अंदाजात मात्र हाच पट्टा 'उत्तर कोकण' म्हणून येतो. किनारपट्टीचं बुलेटिन किनाऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी असतं. त्यात वाऱ्याची दिशा, वेग, दृश्यमानता आणि समुद्राची स्थिती दिलेली असते. पाऊस हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग समजा. पावसाने होडी उलटत नाही, वाऱ्याने आणि लाटेने उलटते.

पावसाळ्यात नेहमी येणारं वाक्य घ्या: 'सोसाट्याचा वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटरपर्यंत, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.' यातला ६५ चा आकडा काका आधी विचारतात. सलग ४५ चा वारा सवयीचा माणूस अंगावर घेतो. मध्येच एका बाजूने ६५ चा झोत आला की छोटी होडी आडवी होते. वेग कधी नॉटमध्ये दिलेला असतो, तेव्हा १.८५ ने गुणायचं, की ताशी किलोमीटर मिळतात.

लाटांचं गणितही समजून घ्या. अडीच ते चार मीटर लाट असेल तर समुद्र 'खवळलेला', चार ते सहा असेल तर 'खूप खवळलेला'. पण अंदाजात जी उंची देतात ती सगळ्यात मोठी लाट नसते. सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे 'अडीच मीटर' लिहिलं असेल तर अधूनमधून त्याच्या दुपटीच्या आसपासची लाट येऊ शकते. लाटांचा तपशीलवार अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. तिथे उंचीसोबत लाटेचा कालावधी, म्हणजे दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात, तेही बघत जा. एप्रिल-मेमध्ये कधीकधी दक्षिण हिंदी महासागरातून निघालेल्या लांबच लांब लाटा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जिल्ह्याचा रंग हिरवा, आणि उत्तनच्या खडकावर गळ टाकून बसलेल्या माणसावर अचानक पाणी येतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण तुमच्या दोन्ही होड्या खाडीत आहेत आणि खाडीसाठी वेगळं बुलेटिन कुणी काढत नाही. ते आपणच जुळवायचं असतं. ठाण्याच्या दोन बाजूंना दोन स्वभावाच्या खाड्या आहेत. चेंदणी-कोपरीकडून वाशी, दिवाळ्यापर्यंत येणारी ठाणे खाडी दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. कोळशेत, गायमुख, नागला बंदराची खाडी म्हणजे उल्हास नदीचं तोंड. ती पश्चिमेला वसईजवळ समुद्राला मिळते.

दिवाळ्याला वारा आणि भरती-ओहोटी यांची जोडी बघायची. पावसाळ्याच्या दिवसांत वारा नैऋत्येचा, घारापुरीच्या बाजूने सरळ आत येणारा. भरती चढत असते तेव्हा पाणी आणि वारा एकाच दिशेने जातात, लाट लांब आणि सुसह्य असते. ओहोटी लागली की पाणी बाहेर ओढतं आणि वारा आत ढकलतो. लाटा आखूड आणि उभ्या होतात. तोच वारा, तीच होडी, पण दोन तासांत पाणी ओळखू येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो तेव्हा उलट भरतीच्या वेळी असं होतं. बुलेटिनमध्ये वाऱ्याची फक्त दिशा असते, पाण्याची दिशा तुम्हाला माहीत पाहिजे.

त्यासाठी भरतीचं कोष्टक ठेवा. मुंबईच्या वेळा अपोलो बंदराच्या असतात, खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्यानंतर पोचतं. कोष्टक नसेल तर जुना हिशेब: तिथीला पाऊणपट करा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती. अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतो, पण ढोबळ अंदाजाला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ओढ जोराची. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. डोलवाले तर उधाणाच्या ओढीवरच जगतात, कारण त्यांची जाळी खुंटाला बांधलेली आणि मासळी आणून देतं ते पाणी. 'साडेचार मीटरची भरती' अशी बातमी आली की साडेचार मीटर पाणी गल्लीत येणार असं समजू नका. ती उंची समुद्राच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते. त्याच वेळेला मोठा पाऊस आला आणि नाल्यांना बाहेर पडायला वाट राहिली नाही, तर मात्र ती जड जाते.

नागल्याला हे सगळं आहेच, वर उल्हास नदी. ती येते कर्जतकडून, बदलापूर-कल्याण करत. त्यामुळे मामांनी ठाण्याचा रंग बघण्यापेक्षा रायगडच्या घाटाकडचा पाऊस आणि बारवी धरणाच्या विसर्गाची बातमी बघावी. जुलै २०१९ मध्ये याच उल्हासच्या पाण्यात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. असं पाणी वरून येत असताना ओहोटी लागली की नागल्यापुढची ओढ इंजिनाला ऐकत नाही, शिवाय ओंडके आणि जलपर्णी पंख्यात येते ती वेगळी. तेव्हा घोडबंदरला कडक ऊन असू शकतं.

मोबाइलवरच्या रंगीत वाऱ्याच्या नकाशांबद्दल हल्ली पोरं फार विचारतात. वापरा, दिशा आणि दोन-तीन दिवसांचा कल कळायला ते उत्तम. पण त्यामागची मॉडेलं जगाचे चौकोन पाडून गणित करतात. २०२५ च्या मे महिन्यात भारताने सुरू केलेल्या नव्या मॉडेलचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आणि ते कौतुकाचंच आहे. आपली खाडी वाशीच्या पुलापाशी जेमतेम दोन किलोमीटर. म्हणजे दोन्ही काठ आणि मधली खाडी एकाच चौकोनात. तिथला वारा नकाशात शोधू नये.

निघायच्या आधीच्या तीन तासांसाठी रडार, म्हणजे आत्ता पावसाचे ढग कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र. कुलाबा आणि अंधेरीजवळच्या वेरावलीचं डॉप्लर रडार आपल्या भागावर असतं, आणि त्यावरून खातं तात्कालिक इशारे देतं. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये याला पर्याय नाही. तेव्हाचे ढग दुपारी सह्याद्रीवर तयार होतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरतात. सकाळच्या बुलेटिनमध्ये त्यांची वेळ सापडत नाही. पूर्वेला बदलापूर-माथेरानच्या बाजूला आभाळ काळं दिसलं, की आमच्याकडे जाळं ओढायला सुरुवात होते. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप ठेवा. उघड्या खाडीत सगळ्यात उंच वस्तू तुमची होडीच असते.

चक्रीवादळाला वेगळा नियम. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बंदरातच वाऱ्याचा धोका आहे. तिथून पुढे चर्चा नाही. वादळ फक्त पावसाळ्याच्या तोंडावर येतं असं समजू नका. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं हे सगळ्यांच्या लक्षात आहे, पण फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, ऐन मासेमारीच्या हंगामात, होड्या बाहेर असताना. १ जून ते ३१ जुलैची बंदी संपली म्हणजे वर्षाचा धोका संपला, असं होत नाही.

म्हणून तुमच्यासाठी: आदल्या संध्याकाळी उत्तर महाराष्ट्र किनाऱ्याचं बुलेटिन आणि इन्कॉइसची लाट. 'समुद्रात जाऊ नये' असेल तर खाडीच्या तोंडाकडेही जायचं नाही. नसेल तर भरतीची वेळ काढून परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्धच्या पाण्यात येत नाही ना, एवढं जुळवायचं. सकाळी निघताना रडार. जिल्ह्याचा रंग मी बघतो तो मुलीची शाळा आहे की सुट्टी हे कळायला.

मामांना वसईच्या तोंडातून बाहेर पडून उत्तरेला पालघरच्या सातपाटीकडे जायचं असेल तर अपोलो बंदराच्या वेळा आणि उंची तशीच वापरू नका. खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, त्यामुळे तिथल्या नाखवांकडूनच पाणी विचारून घ्या. किनारा सुटला की थोड्या अंतरावर मोबाइलची रेंज जाते, म्हणून व्हीएचएफ (होडीवरचा वायरलेस रेडिओ) सोबत असू द्या आणि तो १६ नंबर चॅनेलवर चालू ठेवा. रेंज असेपर्यंत तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही लागतो.