भावाला क्रोन्स आहे, मला त्याच विषयात संशोधन करायचंय

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोरल्या भावाला चार वर्षांपूर्वी क्रोन्सचं (आतड्याला दीर्घकाळ दाह होणारा आजार) निदान झालं. अशा रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना आतड्याच्या दाहाचा धोका किती असतो, यावर काम करायची इच्छा आहे. जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करू का? आणि सुरुवात स्वतःच्याच जनुकीय चाचणीने करू का?

उत्तर : चाचणीचं आधी सांगतो. नको. नॉड२ हे क्रोन्सशी जोडलं गेलेलं पहिलं जनुक २००१ मध्ये सापडलं. पण त्यातले धोक्याचे बदल अंगात असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही आणि बदल नसलेल्या कितीतरी जणांना होतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला क्रोन्स असला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच दिसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहात ते आणखी कमी. तेव्हा अहवाल कसाही आला, तरी त्यावरून तुला फारसं काही ठरवता येणार नाही. शौचातून रक्त जाणं किंवा विनाकारण वजन घटणं असं काही असेल तर थेट डॉक्टरांकडे जा, तो वेगळा विषय आहे.

आता अभ्यासक्रम. जनुकं शोधणाऱ्या प्रयोगशाळांची या विषयात वानवा नाही. या आजारांशी निगडित दोनशेहून अधिक जागा जनुकसंचात आधीच सापडल्या आहेत. कमी आहेत ती कुटुंबांची माहिती नीट गोळा करून तिचं गणित मांडणारी माणसं. म्हणून माझं मत एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहात आजार कुणाला, किती, का होतो याचा अभ्यास) किंवा बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या माहितीचं संख्याशास्त्र) यांच्याकडे झुकतं. जेनेटिक्स त्यात जोडविषय म्हणून घे. रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्यात जास्त रस असेल, तर जेनेटिक काउन्सेलिंग हा वेगळा आणि चांगला रस्ता आहे.

गणितावर इतका भर का, ते बघ. समजा, निरोगी सख्ख्या नातेवाइकांपैकी वर्षाला हजारी दोघांना आजार होतो असं धरलं. हजार जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर हाती लागतील दहा रुग्ण. दहा रुग्णांवर दोनशे जागा तपासायला गेलं की योगायोगच शोध वाटायला लागतो. म्हणून हे काम एकट्या रुग्णालयाचं राहत नाही. कॅनडातून २००८ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' प्रकल्पाने क्रोन्सच्या रुग्णांचे पाच हजारांवर निरोगी भावंडं आणि मुलं गोळा केली. लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या शर्करा प्यायला देऊन लघवीत त्या किती उतरतात हे मोजलं. आतड्याचं अस्तर 'गळकं' असणं आणि पुढे क्रोन्स होणं यांचा संबंध त्यातून दिसला.

प्रत्यक्षात काम बिघडतं ते बहुधा वंशावळ लिहितानाच. 'घरात कुणाला पोटाचा त्रास?' असं विचारलं की आयबीएस (दाह नसलेला आतड्याचा त्रास), मूळव्याध, आम्लपित्त सगळं एकाच खात्यात जमा होतं. आयबीएस आणि आयबीडी (क्रोन्स, कोलायटिस हे दाहाचे आजार) यांतला गोंधळ तर सुशिक्षित घरांतही असतो. त्यामुळे नातेवाइकाचं निदान कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीच्या कागदांवरून पडताळायचं. ज्याच्यामुळे कुटुंब अभ्यासात आलं, तो रुग्ण नातेवाइकांच्या धोक्याच्या हिशेबात धरायचा नाही; धरला तर आकडा फुगतो. बारा वर्षांच्या बहिणीला 'आजार नाही' म्हणून मोकळंही करायचं नाही, कारण निदान बऱ्याचदा पंधरा ते पस्तीस या वयात होतं. इथे आजार कधी होतो याचा काळानुसार हिशेब ठेवणारा सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस लागतो. एकाच घरातली चार माणसं ही चार स्वतंत्र नोंदी नसतात, हेही गणितात दाखवावं लागतं. शिवाय ती एकत्र राहतात, एकच खातात-पितात. ते सगळं जनुकांच्या नावावर टाकायचं नाही. धूम्रपानाची नोंद घेताना दोन्ही आजार वेगळे ठेव: क्रोन्सचा धोका त्याने वाढतो, कोलायटिसमध्ये चित्र जवळपास उलटं दिसतं.

नमुन्यांचंही तसंच. डीएनएसाठी रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यायचं, हेपॅरिनच्या नाही (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं), कारण हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राला, अडथळा करतं. सूक्ष्मजीवांसाठीचा शौचनमुना उणे ८० अंशांवर ठेवायचा. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारं प्रथिन) एका ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की लगेच घाबरायचं नाही. आधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली होती का ते विचारायचं आणि चाचणी पुन्हा करायची.

प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांत 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शीक. त्यात काप्लान-मायर आलेख (काळानुसार किती जण आजाराविना राहिले ते दाखवणारा), कॉक्स मॉडेल (कोणत्या घटकाने धोका किती बदलतो ते मोजणारं) आणि घराघरांतला संबंध धरणारं मिक्स्ड मॉडेल एवढं स्वतः चालवून बघ. मार्गदर्शक निवडताना तीन गोष्टी विचार: सहभागी लोकांचा पाठपुरावा किती वर्षं झाला, त्यांतले गळाले किती, आणि निरोगी माणसाच्या अहवालात काही गंभीर निघालं तर ते त्याला कोण, कसं सांगणार? तिसऱ्याचं लेखी उत्तर नसेल तर तिथे जाऊ नकोस. आणि भाऊ त्याच अभ्यासात असेल, तर तुमच्या कुटुंबाच्या नोंदी हाताळण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवायला पहिल्याच दिवशी सांग.