क्रेन उतरण्याआधी

प्रिय मित्रा,

पाण्याकाठी नवे टॉवर उभे राहत असलेल्या त्या भागाचे तू पाठवलेले फोटो आधी भराभर पाहिले, मग एकेक करून सावकाश. तुझी नजर चांगली आहे. क्षितिज सरळ आहे, उजेडाची जाण आहे, आणि चांगल्या आकाशासाठी थांबून राहायची तयारी दिसते. पण एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. सगळ्या फोटोंत तू क्रेन टाळल्या आहेस. जिथे टाळणं शक्यच नव्हतं, तिथे त्या चौकटीच्या कडेला कापल्या आहेस. पत्र्याची कुंपणं, सळयांचे भारे, मजल्यांना बांधलेल्या जाळ्या, वाळू वाहणारे बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी), यातलं काहीच नाही. आहेत ते पूर्ण झालेले तीन-चार टॉवर आणि त्यांच्यामागे केशरी आकाश.

ते टॉवर कुठे जात नाहीत. त्यांचे फोटो पुढच्या वर्षीही निघतील, आणि बिल्डरने नेमलेला फोटोग्राफर ते काढणारच आहे. क्रेन मात्र जातील. आज दोन टॉवरांच्या फटीतून जे पाणी दिसतं, ते तिसरा उभा राहिला की दिसणार नाही. अशा ठिकाणी रोज थोडं थोडं दृश्य झाकलं जात असतं, आणि कुणी फोटो काढला नाही तर ते कसं होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. तुझं काम मला तिथे दिसतं.

लंडनच्या जुन्या गोदीत, कॅनरी वॉर्फला, पिरॅमिडसारख्या माथ्याचा २३५ मीटर उंचीचा टॉवर १९९१ मध्ये पूर्ण झाला. नंतर जवळजवळ दशकभर त्याच्या उंचीच्या जवळपास येणारं शेजारी काही नव्हतं. पुढे २०००च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना २०० मीटरचे टॉवर आले, आणि आज तो माथा गर्दीत शोधावा लागतो. नदीकाठी एकटाच उभा असलेला तो टॉवर फक्त त्या दहा वर्षांतल्या फोटोंत सापडतो. शांघायला हुआंगपू नदीच्या पश्चिम काठावरून समोर पाहिलं तर जिन माओ हा टॉवर १९९९ मध्ये उभा राहिला, त्याच्या शेजारचा ४९२ मीटरचा टॉवर २००८ मध्ये, आणि ६३२ मीटरचा तिसरा २०१५ मध्ये. एकाच काठावरून सोळा वर्षांत तीन वेगवेगळी आकाशं दिसली. आज तिथे गेलेल्या माणसाला फक्त शेवटचं मिळतं.

म्हणून पहिली गोष्ट: बांधकाम चालू असलेला टॉवर नीट पाहायला शीक. सर्वांत वर असतो काँक्रीटचा गाभा, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांचा मधला खांब. बहुतेक उंच इमारतींत तो इतर मजल्यांच्या काही मजले पुढे चढत जातो. त्याच्याखाली उघडे स्लॅब, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे), टेकू, सुरक्षा जाळ्या. आणखी खाली काचा बसायला लागलेल्या असतात, काहींवर संरक्षक कागद अजून तसाच. म्हणजे एकाच उभ्या चौकटीत त्या इमारतीचे गेले काही महिने एकावर एक रचलेले असतात. बाहेरच्या बाजूने माणसं आणि सामान वर नेणारी लिफ्ट चालते. तिच्या मागची उभी पट्टी काचेविना राहते आणि अगदी शेवटी बंद होते. सगळी इमारत चकचकीत झाल्यावरही तो उभा उघडा चर काही काळ दिसतो. मला तो टप्पा फार आवडतो. सगळे लोक म्हणत असतात की झालीच इमारत, आणि ती झालेली नसते.

क्रेनकडेही असंच बघ. काम चालू असताना प्रत्येक क्रेनचा हात वेगळ्या दिशेला असतो. काम थांबलं की टॉवर क्रेनचा फिरता भाग सहसा मोकळा सोडतात, म्हणजे वारा वाहील तसा हात वळतो आणि वाऱ्याचा जोर कमी लागतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्या सगळ्या भागात पसरलेल्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस, दोन्ही एकाच जागेवरून काढ. नुसत्या क्रेनवरून कळेल कोणता कोणता ते. आणि क्रेन उतरवताना गाठता आली तर सोडू नकोस. खूप उंच इमारतींवर मोठी क्रेन उतरवायला वर एक लहान क्रेन बसवतात, ती उतरवायला आणखी लहान, आणि शेवटची सुटी करून तुकड्या-तुकड्यांनी लिफ्टमधून खाली आणतात. उद्घाटनाला गर्दी करणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी या कामाला क्वचितच कुणी येतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: जागा ठरव. तू दर वेळी नवी जागा शोधतोस, त्यामुळे तुझे फोटो एकमेकांशी बोलत नाहीत. तीन-चार जागा पुरे. एक पाण्यापलीकडून, जिथून सगळी रांग दिसते. एक अगदी पायथ्याशी, कुंपणाजवळ. एक अशी, जिथे पुढे जुनी गोदामं किंवा कोळ्यांच्या होड्या आहेत आणि मागे टॉवर. या जागांवर परत परत जायचं. काँक्रीटच्या इमारतीचा एक मजला साधारण चार ते सात दिवसांत चढतो, तेव्हा आठवड्यातून एक फेरी असली की प्रत्येक फोटोत इमारत जवळजवळ एका मजल्याने वाढलेली दिसेल.

परत जायचं म्हणजे त्याच बिंदूवर. मोबाइलवरचं स्थान काही मीटरांनी इकडेतिकडे असतं, त्यावर विसंबू नकोस. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू यांची जुळणी धर: धक्क्यावरच्या खुंटाची डावी कड समोरच्या जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर बरोबर येते का बघ. अशा दोन जोड्या, चौकटीच्या दोन बाजूंना, जुळल्या की तू नेमका त्याच जागी आहेस. मार्क क्लेट हे फोटोग्राफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या पश्चिम भागातले एकोणिसाव्या शतकातले फोटो पुन्हा त्याच जागांवरून काढले, तेव्हा याच पद्धतीने जुन्या कॅमेऱ्याची जागा शोधली होती. खुणेच्या वस्तू निवडताना एवढं पाहा की त्या उद्या पाडल्या जाणार नाहीत. दगडी बांध चालेल, पत्र्याचं कुंपण नाही. लेन्सची फोकल लांबी, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची आणि चौकटीचा मध्य कुठे येतो, हे वहीत लिहून ठेव.

पाण्याकाठी घड्याळ पुरत नाही, भरतीचं वेळापत्रकही लागतं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर, सात दिवसांनी त्याच वेळेला गेलास तर हे सरकणं पावणेसहा तासांच्या पुढे जातं, म्हणजे मागच्या आठवड्यात जिथे काठोकाठ पाणी होतं तिथे या आठवड्यात चिखल दिसेल. पंधरवड्याने मात्र पाणी साधारण त्याच पातळीला परत येतं. तेव्हा मुख्य मालिका पंधरवड्याची ठेव, आणि मधल्या आठवड्याचे ओहोटीचे फोटो वेगळ्या मालिकेत. ओहोटीत बांधाचा पाया, भराव, जुन्या धक्क्याचे खांब असं बरंच काही उघडं पडतं, आणि भराव घालून जमीन वाढवली जात असेल तर ती कुठवर आली हे तेव्हाच कळतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या, भरतीला पाण्याची रेघ बांधावर कुठे येते याची नोंद असू दे.

उजेडाबद्दल तुला फार सांगायला नको. पहाटे खारे वारे सुरू व्हायच्या आत पाणी स्थिर असतं, प्रतिबिंब तेव्हाच मिळतं. दिवस चढला की पाण्यावर लाटा उठतात आणि टेलीफोटोतून, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समधून, लांबचे टॉवर तापलेल्या हवेत थरथरतात. ती वेळ पायथ्याजवळच्या कामासाठी ठेव. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात सर्वांत जास्त परिणाम करतो, पण काचेच्या इमारतींवर तो जपून वापर. काचेतलं आकाश आणि समोरच्या क्रेनचं प्रतिबिंब पुसून टाकलंस तर त्या इमारतीत पाहण्यासारखं काय उरतं? दहा स्टॉपचा एनडी फिल्टरही (उजेड खूप कमी करणारी गडद काच) मला या विषयासाठी पटत नाही. १/६० सेकंदाचं एक्स्पोजर (उजेड आत घेण्याचा वेळ) त्याने सतरा सेकंदांचं होतं, पाणी दुधाळ दिसतं आणि बार्ज, फेरीबोटी, टगबोटी सगळ्या नाहीशा होतात. ते पाणी तिथे कामाला लागलेलं आहे. तसंच दिसू दे.

तिन्हीसांजेला मात्र थांब. सूर्य क्षितिजाखाली चार ते सहा अंश गेला की आकाशाचा निळा उजेड आणि इमारतींतले दिवे थोडा वेळ एकाच तोलाचे होतात. काचा न बसलेल्या मजल्यांवर कामापुरते दिवे लावलेले असतात, त्यामुळे आख्खा टॉवर कंदिलासारखा आरपार उजळतो. काचा आणि आतल्या भिंती आल्यावर हे पुन्हा दिसत नाही. बेरेनिस ॲबट या फोटोग्राफरने १९३०च्या दशकात न्यूयॉर्कचा रात्रीचा फोटो काढला तो वर्षातला सर्वांत लहान दिवस जवळ आल्यावर. कारण साधं होतं: कार्यालयं पाच वाजता सुटून दिवे मालवले जाण्याआधी अंधार पडेल असे दिवस तेवढेच. एका उंच इमारतीच्या खिडकीतून त्यांनी पंधरा मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. तुझ्या टॉवरांत कामाची पाळी कधी सुटते, दिवे कधी मालवतात, हे माहीत करून घे. त्यापुढे कॅमेऱ्याची गोष्ट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नकोस, त्याचा एकच केल्विन आकडा ठरव, नाहीतर मालिकेतला प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा होईल. आणि इलेक्ट्रॉनिक शटरने एलईडी दिव्यांत पट्टे येतात, तेव्हा यांत्रिक शटर वापर. घरी आलास की खारं पाणी लागलेले ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धू.

उभ्या रेषांसाठी कॅमेरा वर कलवू नकोस. तो सरळ ठेव, खालची जास्तीची जमीन नंतर काप, किंवा लांब जाऊन उभा राहा. पायथ्याच्या फोटोत रेषा झुकल्या तरी हरकत नाही. माणूस तिथे मान वर करूनच पाहतो.

माणसांबद्दल जरा थांबून लिहिते. तुझ्या फोटोंत एकही माणूस नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १९३० मध्ये सुरू होऊन १ मे १९३१ ला उघडली, आणि ती बांधणाऱ्यांचे फोटो लुइस हाइन यांनी काढले. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं, तरी ते टांगत्या पाळण्यात बसून हवेत गेले. इमारतीचे फोटो हजारो आहेत, पण ती कुणी बांधली हे त्यांच्या फोटोंमुळे दिसतं. तू उंचीवर जावंस असं मी मुळीच म्हणत नाही. परवानगी, हेल्मेट, बूट आणि साइटवरचा जबाबदार माणूस सोबत नसेल तर कुंपणाच्या आत पाऊल टाकू नकोस. पण फाटकाशी पाळी बदलते, तिथे उभा राहा. आधी बोल, मग कॅमेरा काढ. कामगार कुठून आले, कोणतं काम करतात, हे विचार. चेहरा यावा की नाही हे त्यांना ठरवू दे. काहींना नोकरीची काळजी असते. त्यांचे हात, हत्यारं, टोपीवरची खूण एवढंच काढलंस तरी ते फोटो खरे असतील. आणि देईन म्हणून कबूल केलेला फोटो त्यांच्यापर्यंत पोचव. हे राहून जातं आणि लोक ते विसरत नाहीत.

तिथे आधीपासून राहणारेही आहेत. पॅरिसची जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले जात होते तेव्हा १८६०च्या दशकात शहरानेच शार्ल मारव्हिल यांना पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे फोटो काढायला नेमलं. तुला कुणी नेमलेलं नाही, तरी नकाशा घेऊन बस. पुढचे भूखंड कोणते, त्यांवर आज काय उभं आहे ते बघ, आणि ते पडायच्या आधी तिथे जा. रिकामा भूखंडही काढ. खड्डा, पायाचे खांब रोवणारी पाइलिंगची यंत्रं, उपसलेलं पाणी हे सगळं फार थोडे दिवस असतं.

किनाऱ्यावरचा फिरण्याचा रस्ता सार्वजनिक दिसला तरी अशा नव्या भागांत तो बऱ्याचदा खासगी मालकीचा असतो, आणि ट्रायपॉड उघडला की रक्षक येतो. वाद घालू नकोस. कार्यालयात जाऊन लेखी परवानगी माग. कागद हातात असला की तोच रक्षक पुढे तुला ओळखू लागतो, आणि कोणत्या दिवशी मोठं काँक्रीट पडणार आहे तेही सांगतो. ड्रोनचे नियम आपल्या ठिकाणचे वाच; क्रेन फिरत असलेल्या हवेत मी तर तो उडवणार नाही.

शेवटी नोंदी. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लाव, रॉ (कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ) फाइली ठेव, फाइलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे जागेचा क्रमांक घाल. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फोटोखाली कोणत्या दिशेला पाहून काढला आणि कोणता टॉवर कितव्या मजल्यावर आहे, एवढं लिही.

पहिल्या दोन महिन्यांचे फोटो निवडून पाठवू नकोस. सगळे पाठव, तारखेच्या क्रमाने, ढगाळ दिवसांचे आणि फसलेले धरून. त्यांतल्या कोणत्या जागा चालू ठेवायच्या आणि कोणती सोडायची हे आपण दोघे मिळून ठरवू. तुझ्या तीन-चार जागांचा हाताने काढलेला नकाशा मात्र त्याआधीच पाठव, म्हणजे येत्या पंधरवड्यात भरती कोणत्या दिवशी तुझ्या वेळेला जुळते ते मी बघून कळवते.

सस्नेह,
तुझी जुनी वाटसोबतीण