रात्रीची गाइडसोबतची कयाक सफर सुरक्षित असते का? पैसे वसूल होतात का?
धोका अंधारापेक्षा वाऱ्याचा जास्त. बुकिंगआधी विचारा: एका गाइडमागे किती कयाक असतात, आणि वारा वाढला तर सफर रद्द करून पैसे परत देता का? या दुसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर मी तरी जाणार नाही. पैसे बुडतील म्हणून लोक नको त्या हवेत पाण्यात उतरतात. लाइफ जॅकेट मापाचं, त्याला शिट्टी आणि दिवा हवाच.

चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपास जा. पाणी ढवळलं की सूक्ष्म जीव निळे उजळतात, पण पौर्णिमेच्या चांदण्यात ते फिकं पडतं. एलईडी लावलेल्या पारदर्शक कयाकच्या उजेडातही चमक फिकी पडते (मासे मात्र मस्त दिसतात). चमक दिसेलच अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा.