वाचकांचे प्रश्न : चित्रपटाचे प्रमाणपत्र आणि प्रेक्षकाचे वय

शाळांना सुट्टी लागली की चित्रपटगृहाच्या दारावर झालेल्या वादांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. त्यांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आमचा सोळा वर्षांचा मुलगा असे तिघे ‘ए’ प्रमाणपत्र असलेल्या एका हिंदी चित्रपटाला गेलो होतो. तिकिटे ऑनलाइन काढली होती. दारावर मुलाचे ओळखपत्र मागितले गेले आणि त्याला आत सोडले नाही. जन्मदाते आईवडील सोबत असताना, त्यांची संमती असताना, चित्रपटगृहाने आडकाठी करण्याचे कारण काय? तिकिटाचे पैसेही परत मिळाले नाहीत. (नाशिक)

तुमचा राग समजण्यासारखा आहे. पण दारावरच्या माणसाने तुमच्या मुलाला सोडले असते, तर गुन्हा तुमच्याकडून नव्हे, चित्रपटगृहाकडून घडला असता. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार ज्याने वयाची 18 वर्षे पूर्ण केली आहेत तो प्रौढ, आणि ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट केवळ प्रौढांनाच दाखवता येतो. असा चित्रपट अप्रौढ व्यक्तीला दाखवणाऱ्यास याच कायद्याच्या कलम 7 मध्ये शिक्षा सांगितली आहे. ही शिक्षा चित्रपट दाखवणाऱ्याला आहे. तो पाहणाऱ्या मुलासाठी किंवा त्याला सोबत घेऊन येणाऱ्या पालकांसाठी या कलमात शिक्षा नाही. त्यामुळे तुम्हाला जो हट्ट वाटला, तो चित्रपटगृहाच्या बाजूने पाहिल्यास स्वतःचा बचाव होता. शिवाय चित्रपटाला प्रमाणपत्र देणे हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय असला, तरी चित्रपटगृहाला परवाना देणे हे राज्याच्या हातात आहे, आणि परवान्याची काळजी प्रत्येक मालकाला असतेच.

पालकांच्या संमतीचा मुद्दा अनेकांनी मांडला आहे, म्हणून तो स्पष्ट करतो. ‘ए’ या वर्गात पालकांच्या संमतीला कायद्याने जागाच ठेवलेली नाही. आपला मुलगा समजूतदार आहे, त्याने याहून कठोर गोष्टी वाचलेल्या आहेत, उद्या तो महाविद्यालयात जाणार आहे, हे सारे खरे असू शकते. पण त्याच्यासाठी हा निर्णय आईवडिलांनी घ्यावा, असे कायदा म्हणत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही रेषा मला स्वतःला जरा ताठर वाटते. तरीही ती आज जिथे आहे तिथे आहे, आणि डोअरकीपरशी हुज्जत घालून ती हलणार नाही.

पैशांबद्दल एवढेच सांगता येईल की ऑनलाइन तिकीट काढताना चित्रपटाच्या नावापाशी ‘ए’ असे लिहिलेले असते आणि 18 वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही, ओळखपत्र सोबत ठेवावे, अशी सूचनाही बहुधा दिलेली असते. ती वाचूनच आपण पुढे गेलो असे धरले जाते, त्यामुळे परतावा मागण्याची बाजू लंगडी पडते. तिकीट खिडकीवर मुलाला समोर पाहूनही कारकुनाने तीन तिकिटे फाडून दिली असती, तर गोष्ट वेगळी होती. अशा वेळी व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करून पैसे अवश्य मागावेत.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन ‘यूए 13+’ लिहिलेल्या चित्रपटाला गेलो असता, तेरा वर्षे पूर्ण नसल्याने तिला सोडता येणार नाही, असे एका कर्मचाऱ्याने सांगितले. नंतर व्यवस्थापकाने सोडले. दोघांपैकी कोण बरोबर? (कोल्हापूर)

व्यवस्थापक. मात्र कर्मचाऱ्याचा गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण ही आकड्यांची पद्धत आपल्याकडे नवी आहे.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये तेव्हाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटांचे दोनच वर्ग करण्यात आले : सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. या दोहोंच्या मधला असा कोणताही वर्ग पुढची तीन दशके नव्हता. 1983 मध्ये ‘यूए’ हा मधला वर्ग आला, आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट गटांपुरत्या चित्रपटांसाठी ‘एस’ हा वर्गही आला, जो सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. तेव्हाच्या ‘यूए’चा अर्थ असा होता की 12 वर्षांखालील मुलांनी हा चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. अडचण अशी झाली की थोडीशी हाणामारी असलेला कौटुंबिक चित्रपट आणि रक्ताचे पाट वाहणारा सूडपट हे दोन्ही याच एका शिक्क्याखाली येऊ लागले, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या आईला त्या शिक्क्यावरून काहीच कळेनासे झाले. 2016 मध्ये श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘यूए’चे वयानुसार भाग करावेत, अशी शिफारस केली होती. ती निराळ्या आकड्यांनिशी का होईना, 2023 च्या दुरुस्तीने प्रत्यक्षात आली. आता ‘यूए 7+’, ‘यूए 13+’ आणि ‘यूए 16+’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांची तपशीलवार नियमावली 2024 मध्ये लागू झाली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत आणि पालकांखेरीज अन्य कोणालाही त्यांची सक्ती करता येणार नाही, असे या दुरुस्तीतच म्हटले आहे. म्हणजे ‘यूए 13+’ पाहून अकरा वर्षांच्या मुलीला न्यायचे की नाही, हे तिच्या घरच्यांनी ठरवायचे. दारावरच्या माणसाने नव्हे. ‘ए’च्या बाबतीत जो निर्णय कायदा पालकांच्या हातून काढून घेतो, तोच ‘यूए’च्या बाबतीत त्यांच्याच हातात देतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उद्भवलेल्या असतात. नातीला नेण्यापूर्वी तुम्ही मुलाला-सुनेला विचारले असेलच, असे मी गृहीत धरतो. कायद्याच्या दृष्टीने निवड त्यांची आहे, आजोबांचे प्रेम कितीही थोर असले तरी.

निवड आपली आहे म्हटल्यावर आकडा केवळ वाचून सोडून देणेही योग्य नाही. ‘16+’ असा शिक्का असलेल्या चित्रपटाला चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली जोडपी रात्रीच्या खेळाला सर्रास दिसतात. त्यांना कोणी अडवू शकत नाही. पण ते मूल मध्यंतरापूर्वीच रडू लागते, आणि मग त्याचा त्रास आजूबाजूच्या रांगांना होतो.

प्रश्न : टीव्हीवर लागणाऱ्या जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रमाणपत्रावर नुसते ‘यूए’ असते, आकडा नसतो. तो कसा समजावा? (सातारा)

नव्या पद्धतीच्या आधी दिलेले प्रमाणपत्र जुन्याच अर्थाने वाचावे, म्हणजे 12 वर्षांखालील मुलासोबत मोठ्या माणसाने बसावे. यापलीकडे त्या शिक्क्यात काही माहिती नाही.

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये राहतो. येथे लागलेल्या एका भारतीय चित्रपटाला चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो, तर ‘15’ असा शिक्का असल्याने तिला प्रवेश नाकारला. भारतात तोच चित्रपट ‘यूए’ होता आणि माझ्या भावाची तेवढ्याच वयाची मुलगी तो पाहून आली. हे कसे? (लंडन)

तुमच्या मुलीला ब्रिटनचा नियम लागू झाला, पुतणीला भारताचा. ब्रिटनमध्ये ‘यू’ आणि ‘पीजी’ यांनंतर ‘12ए’, ‘15’ आणि ‘18’ असे वर्ग आहेत. यांपैकी ‘12ए’ला 12 वर्षांखालील मूल मोठ्या माणसासोबत जाऊ शकते, ही सवलत 2002 मध्ये सुरू झाली. ‘15’ आणि ‘18’ यांना अशी सवलत नाही. पंधरा वर्षांना एक दिवस जरी कमी असला, तरी आईवडील दोन्ही बाजूंना बसले म्हणून प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे अशी पक्की बंदी केवळ अठराला आहे. त्याखालचे सगळे टप्पे सल्ल्याचे आहेत.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी जाता जाता सांगतो की तेथील ‘पीजी-13’, ‘आर’ वगैरे शिक्के सरकारी नाहीत. ते चित्रपट उद्योगाने स्वतःहून घालून घेतलेले आहेत. ‘आर’ चित्रपटाला 17 वर्षांखालील मुलाला पालकांसोबत जाता येते, म्हणजे नाशिकच्या पत्रलेखकांना हवी असलेली व्यवस्था तेथे आहे.

ब्रिटनमध्ये चित्रपटांना हे शिक्के देणारे मंडळ आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटाच्या शिक्क्यामागची कारणे देते : हिंसा किती, भाषा कशी, भीतिदायक प्रसंग कोणते. तेथे प्रदर्शित होणाऱ्या हिंदी चित्रपटांचीही नोंद त्यात असते, आणि ती पुण्या-मुंबईत बसूनही वाचता येते. पालकांना मी ही सवय आवर्जून सुचवतो.

प्रश्न : चित्रपटगृहात ‘ए’ असलेला चित्रपट काही महिन्यांनी टीव्हीवर भर दुपारी कसा दाखवतात? आणि तोच मोबाइलवर मुलांना एका बोटावर मिळत असेल, तर दारावरच्या तपासणीला अर्थ काय उरतो? (छत्रपती संभाजीनगर)

टीव्हीवर दिसतो तो चित्रपट नेमका तोच नसतो. ‘ए’ चित्रपट आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. निर्माता काही दृश्ये आणि संवाद काढून नव्याने प्रमाणपत्र घेतो, आणि तो कापलेला चित्रपट तुमच्या घरी येतो. टीव्हीसाठीच्या अशा वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूद 2023 च्या दुरुस्तीत स्पष्टपणे करण्यात आली.

ओटीटीचे तसे नाही. तेथे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाची पूर्वपरवानगी लागत नाही. 2021 च्या नियमांनुसार ओटीटी कंपन्यांनी स्वतःच 7+, 13+, 16+ आणि ‘ए’ असे वर्गीकरण करायचे, 13+ आणि त्यावरील मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय ठेवायची आणि ‘ए’ मजकुरासाठी वय पडताळण्याची विश्वासार्ह व्यवस्था करायची, असे बंधन आहे. कुलूप आहे; ते लावायचे काम घरातल्या मोठ्यांचे. किती घरांत त्याचा पिन मुलांनाच ठाऊक असतो, हे आपण जाणतोच. तुमच्या प्रश्नातला उपरोध मला मान्य आहे : सोळा वर्षांच्या मुलाला चित्रपटगृह अडवते आणि त्याच रात्री तो तोच चित्रपट, कधी कधी न कापलेला, खोलीत बसून पाहू शकतो. पण यावर दारावरची तपासणी सैल करावी, हे उत्तर मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने एका चित्रपटात छोटी भूमिका केली. चित्रपटाला ‘ए’ मिळाले. स्वतः काम केलेला चित्रपट तरी तो थिएटरमध्ये पाहू शकेल ना? (ठाणे)

नाही. कायद्यात कलाकारासाठी अपवाद नाही. बालकलाकारांच्या कामाचे नियम वेगळे आहेत : 2017 च्या नियमांनुसार चित्रीकरणापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे नियम चित्रीकरणापुरते आहेत. तयार चित्रपट कोणी पाहावा, याच्याशी त्यांचा संबंध नाही. दुसरा चित्रपट स्वीकारताना केवळ मुलाच्या वाट्याची पाने न मागता संपूर्ण संहिता मागून घ्यावी. या चित्रपटासाठी त्याला पाच वर्षे थांबावे लागेल. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असे, ती मर्यादा 2023 पासून काढली गेली आहे. तेव्हा तो अठरा वर्षांचा होईल त्या वेळीही हेच ‘ए’ प्रमाणपत्र लागू असेल.