सरकार बदलले की प्रकाशकांचे पारडे जड होते का?

प्रश्न : अमेरिकेत सरकारी पैशातून झालेले संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, या धोरणाला संशोधनपत्रिकांचे प्रकाशक विरोध करतात. तिथला सत्ताधारी पक्ष बदलला की त्यांना यश येते का? आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?
— एक ग्रंथपाल, सांगली

उत्तर : पक्षावरून हिशेब मांडायला गेलात, तर तो जुळत नाही. डिसेंबर २०११ मध्ये प्रतिनिधीगृहात आलेले ‘रिसर्च वर्क्स अ‍ॅक्ट’ हे विधेयक रिपब्लिकन डॅरेल आयसा आणि डेमोक्रॅट कॅरोलिन मलोनी यांनी मिळून मांडले होते. प्रकाशकाच्या पूर्वसंमतीशिवाय सरकारी संस्थांनी असे निबंध खुले करू नयेत, ही त्यातली मेख होती, आणि प्रकाशकांच्या संघटनेचा तिला पाठिंबा होता. गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने संशोधकांनी एल्सव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीवर बहिष्कार घातला, तेव्हा त्या कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये विधेयकाच्या पाठिंब्यातून अंग काढून घेतले आणि विधेयक बारगळले. पुढच्याच वर्षी ओबामा प्रशासनाने प्रसिद्धीपासून १२ महिन्यांनंतर निबंध खुले करण्याचे धोरण आणले.

बदलते ती प्रकाशकांच्या निवेदनाची भाषा. ही १२ महिन्यांची मुदतही जाणार अशी कुणकुण लागताच, डिसेंबर २०१९ मध्ये शंभराहून अधिक प्रकाशकांनी व विद्वत्संस्थांनी ट्रम्प यांना पत्र लिहिले. त्यात भर होता तो अमेरिकी रोजगार आणि बौद्धिक संपदेवर. मुदत काढून टाकण्याचा आदेश तेव्हा निघाला नाही. बायडेन प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो काढला, तेव्हा मात्र पुरेशी सल्लामसलत झाली नाही, ही तक्रार पुढे आली. पत्रिकेच्या वर्गणीवरच ज्यांचा कारभार चालतो, अशा छोट्या विद्वत्संस्थांची धास्ती खरी आहे. बड्या कंपन्या तिची ढाल करतात, एवढेच.

२०२५ मध्ये ट्रम्प परतल्यावर दिलासा मिळेल असे कोणाला वाटले असेल, तर त्याची निराशाच झाली, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे (एनआयएच) संचालक जय भट्टाचार्य यांनी निबंध लगेच खुले करण्याच्या धोरणाची अंमलबजावणी ३१ डिसेंबरऐवजी १ जुलैलाच सुरू केली. निबंध छापण्यासाठी लेखकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर मर्यादा घालण्याचा मनोदयही त्या संस्थेने जाहीर केला, त्यामुळे वादाचा रोख आता तिकडे वळला आहे.

आपला संबंध सरळ आहे. त्या संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे स्वीकृत हस्तलिखित (पत्रिकेने छापण्यासाठी स्वीकारलेला मसुदा) ‘पबमेड सेंट्रल’ या ऑनलाइन भांडारात सांगलीतूनही विनामूल्य वाचता येते. भारत सरकारने मात्र वर्गणीचा मार्ग धरला असून, शिक्षणसंस्थांसाठी पत्रिकांची वर्गणी एकत्रितपणे भरणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. आपले महाविद्यालय तिच्या यादीत आहे का, हे विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे विचारून घ्यावे.